कूटाची न मोडलेली फळी

फळी पहिल्यांदा परत आली तेव्हा मी भेंडी चिरत होते, आणि भेंडी चिरताना मला कुणी उठवलेलं खपत नाही. ओसरीवर काहीतरी टेकवल्याचा आवाज आला तरी मी जागची हलले नाही. माझ्या दारात राज्यपाल आला तरी भेंडी संपेपर्यंत थांबेल. भेंडी संपली, हात पुसले, जाळीचं दार उघडलं, तर भिंतीला टेकून माझ्या नवऱ्याची, कूटाची, लाटांवर चालवायची फळी उभी. नऊ फूट लांब, म्हाताऱ्या दातासारखी पिवळी, आणि ओली. खाली लाकडावर पाण्याचं थारोळं. मी बोट बुडवून चाटलं. खारं.

आता यात दचकायचं काय, असं तुम्ही म्हणाल. दचकायचं एवढंच, की ती फळी कूटाच्या थडग्यावर असायला हवी होती. मीच ठेवली होती, अकरा महिन्यांपूर्वी, अख्ख्या चर्चसमोर.

आमच्या हॅरो बेटावर माणूस गेला की त्याने शेवटी हाताळलेल्या वस्तू थडग्यावर मांडतात. कप, बशी, चष्मा, घड्याळ. पण मोडून. अख्खी वस्तू ठेवली की गेलेल्याचं आणि घराचं जोडलेलं राहतं. मग तो त्याच वस्तूच्या वाटेने परत येतो आणि घरातलं आणखी एक माणूस घेऊन जातो, त्याला जे सगळ्यात प्यारं असेल ते. हे मला कुणी शिकवलं नाही. मी शाळेत तीन इयत्ता गेले, त्यातली दीड कोपऱ्यात उभं राहण्यात गेली. पाणी ओलं असतं हे जसं कळतं तसं हे आम्हाला कळतं.

तर त्या दिवशी मी कूटाचा कप फोडला, बशी फोडली, घड्याळाच्या काचेवर टाच दिली. मग फळी. कालवं फोडायचा हातोडा उचलला, हाणला, आणि हातोडा टणकन उडून आमच्या चर्चच्या डीकन प्रेलोंच्या टोपीला लागला. फळीवर नाण्याएवढा खळगा. शंभर माणसं बघत होती.

"मोडली," मी म्हणाले.

"सिस्टर ओडेसा, ही तर अजून..."

"मोडली म्हणते ना मी!"

माझ्या तोंडाला लागायची हिंमत या बेटावर कुणात नाही. त्यामुळे फळी मोडली असं सर्वानुमते ठरलं. फक्त फळीला कुणी कळवलं नाही.

ओसरीवरची फळी सगळ्यात आधी बघितली शेजारच्या लुर्लीनने. लुर्लीनचं घर माझ्यापासून वीस पावलांवर आहे आणि तिचं नाक त्यातली अठरा पावलं कायम पुढे असतं.

"ओडेसा, अगं, ही कूटाची ना?"

"नाही. पोस्टाने मागवली."

"मीठ टाक उंबऱ्यावर. झाडू आडवा ठेव. आणि भिंतींना वर्तमानपत्र चिकटव. आत यायच्या आधी भुताला त्यातलं अक्षर न् अक्षर वाचावं लागतं, तोवर उजाडतं."

"भर दुपारी आलंय ते. आणि कूटाला वाचता कुठे यायचं? तो चित्रं बघून सरळ आत येईल."

लुर्लीन वर बघायला लागली. आमच्या सगळ्यांच्या ओसऱ्यांचं छत निळं रंगवलेलं असतं, ते काही शोभेसाठी नव्हे. भुताला तो रंग पाण्यासारखा दिसतो आणि भुतं पाणी ओलांडत नाहीत. रंग मी स्वतः दिला होता, दोन हात. पण लुर्लीन जे बोलली ते माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

"ओडेसा, दुसऱ्यांची भुतं पाण्याला भितात गं. पण कूटाला पाणी दिसलं की तो काय करायचा?"

फळी घेऊन धावायचा. चाळीस वर्षं तेच केलं त्याने. कोळंबी धरायच्या जाळ्या विणायचा धंदा, पण लाट दिसली की जाळं अर्धवट टाकून पळायचा. मी छताकडे बघितलं. निळ्या रंगावर एक ओला पंजा उमटला होता, बोटं पसरलेली, पाण्याखालून वर येताना माणूस हात लावतो तसा. जमिनीपासून नऊ फुटांवर. मी शिडी लावून फडक्याने पुसला. फडकं ओलं झालं, पंजा तसाच राहिला.

मी स्वतःसाठी घाबरत नाही. घरात आता दोनच माणसं, मी आणि नात केझाया. आणि कूटाची लाडकी मी नव्हते. ज्या बाईने चाळीस वर्षं "त्या फळीशीच लग्न करायचं होतंस" असं रोज ऐकवलं, तिला न्यायला कोण परत येईल? केझाया चार वर्षांची असताना त्याने तिला याच फळीच्या टोकावर बसवून लाटेत नेलं. आता ती एकोणीस वर्षांची आहे. आजोबा गेल्यापासून जेवताना बोलत नाही, पण समुद्राचा अंदाज मात्र दिवसातून दहा वेळा बघते. आमच्याकडे उन्हाळाभर लाटा कशा, तर बशीत चहा हलावा तशा. सप्टेंबरात दूर कुठेतरी वादळ फिरतं तेव्हा खऱ्या लाटा येतात. वादळ निघालं होतं. शनिवारी लाटा पोचणार होत्या. त्या दिवशी होता मंगळवार.

म्हणजे मला शनिवारच्या आत फळी मोडायची होती.

"मग मोड की इथेच," लुर्लीन म्हणाली. लुर्लीन मूळची पलीकडच्या बेटावरची, तिला काय कळणार! घरी मोडली तर घर मोडतं. ज्याची वस्तू त्याच्यासमोर मोडायची, त्याने बघायला हवं.

अडचण एवढीच की आमची स्मशानभूमी आता फाटकाच्या आत आहे. माझी आजी तिथे पुरली तेव्हा फाटक नव्हतं, झाडं होती. मग जमीन कुणीकुणी विकली, बंगले आले, गोल्फ आला, चार्ल्सटनहून रबरी चपला घालून पर्यटक यायला लागले. आता आमच्या मेलेल्यांना भेटायचं तर वॉचमनकडे पास काढावा लागतो.

डीकन प्रेलोंनी आपल्या गाडीच्या पाठीमागे फळी टाकली आणि आम्ही निघालो. फाटकावर नवा वॉचमन होता, मिस्टर डॉबलर. उत्तरेकडचा, निवृत्त, नाकावर सनबर्न, आणि शर्टाच्या खिशात तीन पेनं. ज्या माणसाकडे तीन पेनं असतात त्याच्याशी मी कधीच सरळ बोलत नाही.

"कुणाला भेटायचंय, मॅडम?"

"माझ्या नवऱ्याला."

"ते इथे राहतात?"

"गेल्या ऑक्टोबरपासून."

"कायमचे, की फक्त हंगामात?"

"कायमचे."

डीकन खोकले. मी त्यांच्या पायावर पाय दिला. माझ्याच आजीच्या जमिनीत जायला मी कुणा पाहुण्यापुढे रडगाणं गाणार नाही. विचारलं तेवढ्याचं उत्तर दिलं, आणि खरं दिलं.

"आणि तुम्ही वेगळ्या राहता?"

"सध्या तरी."

"प्लॉट नंबर?"

"चौदा. ओकच्या झाडाखाली. शेवटचा."

त्याने कूटाचं कागदावरचं नाव लिहून घेतलं, एझिकिएल गॅडसन, कायम रहिवासी, आणि मला गुलाबी पास दिला. मग गाडीच्या मागे डोकावला. "फळी चालेल. पण हातोडा? बांधकामाची परवानगी आहे?"

"बांधकाम नाही, मोडकाम आहे."

"त्याचा फॉर्म वेगळा."

हातोडा त्याने जमा करून घेतला. आम्ही फळी थडग्यावर ठेवून नुसत्या हातांनी परतलो. डीकननी तिच्यावर उडी मारून बघितली, पण डीकन म्हणजे शेवग्याची शेंग, फळीनेच त्यांना परत उडवलं. निघताना मी कूटाच्या कपाकडे बघितलं. कप मी स्वतः फोडला होता, तळापासून कानापर्यंत दोन तुकडे. आता त्यातल्या मोठ्या तुकड्यात पाणी साचलं होतं. आठ दिवसांत पाऊस नव्हता. पाण्यात बोटाच्या नखाएवढी एक कोळंबी फिरत होती, जिवंत.

"डीकन, हे बघितलंत?"

"सिस्टर ओडेसा, माझा चष्मा घरी राहिलाय," डीकन म्हणाले. चष्मा त्यांच्या नाकावर होता.

बुधवारी दुपारी फळी परत ओसरीवर. या वेळी थारोळ्यापासून पायऱ्यांपर्यंत ओली पावलं होती. पावलं आत येणारी होती. बाहेर जाणारी एकही नव्हती. मी घरभर फिरले, प्रत्येक खोलीत "कोण आहे" म्हणून दरडावलं. कुणी नव्हतं. पण कूटाची खुर्ची टेबलापासून थोडी मागे ओढलेली होती, जेवायला बसायच्या आधी ओढतात तेवढी. मी ती आत ढकलली आणि म्हणाले, "आधी अंग पूस." सवयीने. मग काय बोलले ते कळलं आणि मी तडक लुर्लीनकडे जाऊन बसले. ती म्हणाली, "तुझ्या चेहऱ्याचा रंग गेलाय." मी म्हणाले, "ऊन लागलं."

मोडकामाचा फॉर्म घ्यायला मी फाटकातल्या बंगल्यांच्या वसाहतीच्या ऑफिसात गेले. तिथे मिसेस हॅविलंड होत्या, गळ्यात मोत्यांची माळ आणि ओठांवर कायमचं हसू, चिकटवल्यासारखं.

"फळी मोडायची? अरे देवा, नाही नाही! ती तर आमच्या पत्रकावर आहे!" त्यांनी पत्रक दाखवलं. गुळगुळीत कागद, निळं पाणी, छत्र्या, आणि कोपऱ्यात कूटाचं थडगं. "पाहुण्यांना फार आवडतं. आता ती सांस्कृतिक ठेव्यात मोडते. हात लावायला कमिटीची मंजुरी लागेल. कमिटी महिन्यातून एकदा बसते."

"माझ्या नवऱ्याची फळी माझ्या नवऱ्याच्या अंगावर मोडायला मला तुमची कमिटी?"

"अर्जात कारण लिहा," त्या प्रेमाने म्हणाल्या. "शक्यतो तीन प्रतींत."

मला एक प्रत लिहायलाही अर्धा दिवस लागतो. मी कारणाच्या चौकटीत लिहिलं, 'तो येतो.' आणि अर्ज टेबलावर आपटला.

पण ते पत्रक मी घरी आणलं आणि चष्मा लावून नीट बघितलं. कूटाच्या थडग्याच्या त्या फोटोत कप होता, बशी होती, घड्याळ होतं. फळी नव्हती. फळीच्या आकाराचं दाबलेलं गवत होतं फक्त.

गुरुवारी सकाळी परत फळी घेऊन फाटकावर गेले, तेव्हा मिस्टर डॉबलर जरा रागातच होता.

"मॅडम, तुमच्या मिस्टरांना सांगा, बाहेर जाताना सही करतात ते ठीक, पण नाव वाचता येत नाही."

"कुणाच्या मिस्टरांना?"

त्याने रजिस्टर फिरवलं. मंगळवार, बुधवार, गुरुवार, रोज पहाटे सहाच्या सुमाराला प्लॉट चौदाच्या पुढे तीन तिरप्या रेघा. कूटा आपल्या सगळ्या जाळ्यांच्या बुचांवर याच तीन रेघा कोरायचा. तो नाव लिहायला शिकला नाही कधी.

"तू त्याला बघितलंस?"

"सहा वाजता कोण बघतं, मी कॉफी करतो. टेबलावर सही असते. आणि वही भिजलेली असते. तेही सांगा त्यांना."

मी फळी घेऊन तशीच परत घरी आले आणि मला एकदम सुटल्यासारखं झालं. ही कामं भुताची नव्हेत, पोरीची! त्या तीन रेघा आणखी कुणाला येतात? केझायाला. मी तिला न्हाणीघराच्या दारात गाठलं. केसात वाळू होती.

"आजोबांची फळी तू काढतेस?"

तिने मान खाली घातली. "एकदाच, आजी. मंगळवारी. मला फक्त एकदा तिच्यावर उभं राहायचं होतं. परत ठेवायला गेले तर भरती आली, खाडीची वाट बुडाली. म्हणून ओसरीवर ठेवून कामावर पळाले."

"आणि फाटकावर सह्या?"

"मी फाटकातून जातच नाही. ओहोटीला खाडीच्या बाजूने चिखलातून जाते. फाटकावर कशाला जाऊ?"

"मग बुधवारी?"

केझायाने वर बघितलं. तिचे डोळे अगदी कूटाचे आहेत, राखाडी. "मला वाटलं तू आणलीस. मला वाटलं... मी चालवावी म्हणून तू आणून ठेवलीस."

आम्ही दोघी ओसरीवरच्या त्या फळीकडे बघत उभ्या राहिलो. तिच्यातून अजून पाणी टपकत होतं. वारा नव्हता.

"शनिवारी तू पाण्यात जायचं नाहीस," मी म्हणाले.

"जाणार. आजोबा असते तर म्हणाले असते जा."

"म्हणूनच सांगते."

शनिवारी सकाळी मी उठले तेव्हा केझायाचं अंथरूण गार होतं आणि ओसरी रिकामी. मी ॲप्रनच्या खिशात हातोडा टाकला. हा दुसरा, शेगडीखालचा. पहिला अजून जमा होता. आणि चर्चचे बूट घातले, कारण दुसरे हाताशी नव्हते.

किनाऱ्यावर धुकं होतं, दिवसाढवळ्या, दुधासारखं पांढरं. सप्टेंबरात असं धुकं पडत नाही. पर्यटक छत्र्या रोवून बसले होते आणि एकमेकांना म्हणत होते, "किती छान शांत आहे ना!" शांतच होतं. डोक्याएवढ्या लाटा एकामागून एक फुटत होत्या आणि आवाज येत नव्हता.

केझाया दिसली. तिच्या पांढऱ्या छोट्या फळीवर, पोटावर पडून, हाताने पाणी मारत आत चाललेली. लाटा फुटतात ती पाण्याखालच्या वाळूची रांग तिने केव्हाच ओलांडली होती. ती रांग ओलांडून गेल्यावर थांबायचं असतं, लाटेची वाट बघायची असते, एवढं मलाही माहीत आहे. ती थांबत नव्हती. कारण तिच्या पुढे, जिथे लाट फुटायचं काहीच कारण नाही तिथे, लांब पिवळ्या फळीवर एक माणूस उभा होता. डावा हात कमरेवर. बसची वाट बघावी तसा. जगात असा एकच माणूस लाटेवर उभा राहायचा आणि मी त्याला त्यावरून चाळीस वर्षं हसले होते.

तो मान वळवून मागे बघायचा, ती येते का म्हणून. आणि आणखी आत सरकायचा.

मी चाळीस वर्षांत समुद्रात पाय घातला नव्हता. शिरले. पहिल्या लाटेने टोपी नेली, दुसरीने बूट. एक पर्यटक म्हणाला, "बाई, तुम्हाला मदत हवी का?" मी म्हणाले, "तुझी छत्री सांभाळ!" आणि कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून ओरडले.

"कूटा! ए कूटा! ऐकू येतंय का, की तिकडेही बहिरेपणाचं सोंग?"

त्याचं डोकं वळलं.

"पोरीला सोड! तिने काही केलेलं नाही! मी केलंय!" लाटेने तोंडात पाणी भरलं, थुंकले आणि परत ओरडले. "हातोडा उडाला नव्हता! मी मारलाच नाही जोर लावून! शंभर माणसांसमोर नाटक केलं! तुझा कप फोडवला मला, घड्याळ फोडवलं, पण ती फळी... ती मोडली असती तर तू परत यायची वाटच राहिली नसती. मी ठेवली वाट. मला वाटलं, तू माझ्याकडे येशील!"

एवढं बोलून मला इतकी लाज वाटली की बुडाले असते तरी चाललं असतं. बेटावर कुणाला हे सांगितलं नव्हतं. त्यालाही नाही, जिवंतपणी तर मुळीच नाही.

तो बघत राहिला. धुक्यात चेहरा दिसत नव्हता, पण कमरेवरचा हात खाली आला. मग त्याने मानेने केझायाला खूण केली. मागे जा. ही लाट तुझी.

लाट उठली. मी अशी लाट हॅरोवर कधी बघितली नाही. केझाया वळली, दोनदा पाणी मारलं, उभी राहिली, आणि ती लाट तिला थेट माझ्या अंगावर घेऊन आली. आम्ही दोघी वाळूत कोलमडलो. ती खोकत होती, रडत होती. "आजी, मला वाटलं ते मला जागा दाखवतायत..."

"दाखवतच होता. गप बस आता."

मागोमाग पिवळी फळी एकटीच किनाऱ्याला लागली, सरळ माझ्या पायाशी, नाण्याएवढा खळगा वर करून. आत धुक्यात कुणीतरी अजून उभं होतं. कशावर, ते मी बघितलं नाही. तो बघतोय एवढं कळत होतं. ज्याची वस्तू त्याच्यासमोर.

वाहून आलेल्या एका ओंडक्यावर मी फळी आडवी टाकली आणि हातोडा उचलला. या वेळी हात राखून मारला नाही. तीन घाव घातले, आणि राहिलेलं काम माझ्या वजनाने केलं. फळी कडाडून मोडली तेव्हा लाटांचा आवाज एकदम सुरू झाला, जणू कुणी कानांतून बोळे काढले. धुकं उठलं. पाण्यावर कुणी नव्हतं.

पर्यटकांनी टाळ्या वाजवल्या. मी त्यांच्याकडे असं बघितलं की पुढच्या टाळ्या हातातच राहिल्या.

एक तुकडा केझायाने घेतला, एक मी, आणि आम्ही फाटकावर गेलो. मी अनवाणी, नखशिखान्त भिजलेली, केसात शेवाळ. मिस्टर डॉबलरने पेन काढलं.

"हे सांस्कृतिक ठेव्याचं नुकसान दिसतंय, मॅडम. मंजुरी आहे?"

"ज्याची फळी त्याची मंजुरी आहे."

तो काहीतरी बोलणार होता, मग त्याने रजिस्टरकडे बघितलं आणि फाटकाचा दांडा वर केला.

"जाऊ द्या. तुमचे मिस्टर सांगूनच गेलेत. आज पहिल्यांदा समोर आले, दहा मिनिटांपूर्वी. पायापासून डोक्यापर्यंत पाणी, माझी वही परत भिजवली. चांगला माणूस आहे. मी म्हटलं, आज फळी कुठे? तर म्हणाले, बायको घेऊन येतेय मागून. आता मी काही बाहेर पडायचा नाही, असंही म्हणाले."

केझायाने माझा दंड घट्ट धरला. मी रजिस्टरमध्ये बघितलं. आजच्या तारखेला, 'आत' या रकान्यात, तीन तिरप्या रेघा. अजून ओल्या. 'बाहेर'चा रकाना कोरा.

मी माझा तुकडा दुसऱ्या काखेत घेतला. "बघ केझी," मी म्हणाले, "मेला तरी ओझं माझ्याच डोक्यावर. चल, उचल पाय. तो तिथे ओल्या अंगाने बसला असेल."